सभामंडपातील श्रवण आणि गोमंतकातील लोकशिक्षण

गोमंतकातील देवालयांचा इतिहास लिहिताना देवतांची स्थलांतरे, जीर्णोद्धार, इनामे आणि मानपान ह्यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. गर्भागाराबाहेरच्या सभामंडपात बसून लोक पिढ्यानुपिढ्या काय ऐकत आले, ह्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वस्तुतः ज्या काळी गावात शाळा नव्हती आणि छापील पुस्तक दुर्मिळ होते, त्या काळी इतिहास, वाङ्मय आणि न्यायान्याय ह्यांचा विचार सामान्य माणसाच्या कानी पडण्याचे ठिकाण हेच होते. चातुर्मासातील पुराण आणि उत्सवातील कीर्तन ही आमची पहिली व्याख्यानमाला होय.

ही श्रवणाची परंपरा किती जुनी, ह्याचा एक दाखला केळशीच्या कृष्णदास शामाच्या श्रीकृष्णचरित्रकथेत सापडतो. शके १४४८, म्हणजे इ. स. १५२६ मध्ये तिच्या रचनेस प्रारंभ झाला. तिची रोमन लिपीत उतरवलेली प्रत पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात टिकून राहिली, हा दैवाचा अजब खेळच म्हणावयाचा. लोकांच्या ह्या आवडीची नस फादर थॉमस स्टीफन्सने अचूक ओळखली होती. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले, तेही ओवीबद्ध मराठीत. धर्म बदलला तरी पुराण ऐकण्याची गोडी सुटत नाही, हे त्या इंग्रज पाद्र्यास कळले. लिस्बनहून आलेल्या अधिकाऱ्यांस ते कळले नाही. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदे द आल्वोर ह्याने तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. फोंडा महाल त्या वेळी पोर्तुगीज अमलाबाहेर होता. तिसवाडी व साष्टीतून हलविलेल्या अनेक देवतांना तेथे आश्रय मिळाला, आणि देवतांबरोबर पुराणिक व हरदास ह्यांनाही. १७६३ साली तो महाल पोर्तुगीजांकडे गेला, तोपर्यंत बळजबरीच्या धर्मांतराचे दिवस मागे पडले होते.

१९१० च्या ऑक्टोबरात पोर्तुगालात रेपुब्लिक स्थापन झाली आणि हिंदूंना नागरिक म्हणून मोकळा श्वास घेता आला. पुढील दोन दशकांत मराठी शाळा, वाचनालये आणि वृत्तपत्रे निघाली. मडगावचे गोमंत विद्या निकेतन १९११ चे. आता व्याख्यान मंडपातून दिवाणखान्यात आले आणि श्रोता प्रश्न विचारू लागला. ह्या उत्साहाचा कळस म्हणजे १९३० साली मडगावास भरलेले मराठी साहित्य संमेलन. अध्यक्षस्थानी वामन मल्हार जोशी होते. नीतिशास्त्राचा हा अभ्यासक साहित्याकडे विचारवंताच्या दृष्टीने पाहणारा होता.

परंतु १९३० हेच वर्ष कोलोनियल अॅक्टचेही होय. त्या कायद्याने गोमंतकीय माणूस पुन्हा वसाहतीचा रहिवासी ठरला. लुईश द मिनेझिस ब्रागांझा ह्यांनी त्याच वर्षीच्या जुलैत सरकारी कौन्सिलात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. सालाझारच्या राजवटीत सेन्सॉरचा अंमल असा बसला की, छापील निमंत्रणपत्रिकादेखील त्याच्या नजरेखालून जावी लागे. परवानगीवाचून जाहीर सभा घेणे हा अपराध झाला. तेव्हा पुनः मंडपच उरला. रावणाचा गर्व आणि कंसाचा जुलूम ह्यांवर हरदासाने कितीही वेळ निरूपण केले तरी त्यास परवाना लागत नव्हता; श्रोत्यांनी मनात कोणाचे चित्र उभे करावे, हे कोणता आदमिनिस्त्रादोर ठरविणार? १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया व डॉ. ज्युलियांव मिनेझिस ह्यांनी मडगावी सभाबंदी मोडली, ती भर पावसात जमलेल्या गर्दीपुढे. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ह्यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा सुनावून पोर्तुगालात पाठविले. चार शब्द बोलण्याच्या हक्काची किंमत तेव्हा अशी होती.

मंडपाची ही थोरवी सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. मंडपातील बैठक समान नव्हती. कोणी चौकात बसे, कोणी पायरीशी, आणि कित्येकांस देवालयाच्या आवाराबाहेरूनच ऐकावे लागे. ज्या कलावंत स्त्रियांच्या गळ्यावर उत्सव उभा असे, त्यांच्या मुलांना देवस्थानच्या कारभारात शब्द नव्हता. न्यायाची आख्याने त्यांनीही ऐकलीच होती. राजाराम पैंगीणकर ह्यांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र (१९६९) वाचले म्हणजे ती आख्याने मनात किती खोल रुजली होती ते कळते. ह्या समाजाने स्वतः शाळा, गायन आणि सभा ह्यांच्या बळावर जुनी रूढी मोडली. त्याचे श्रेय महाजनांनी घेऊ नये.

न्यायाच्या आड आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे कायद्याची भाषा. पणजीच्या दप्तरखान्याची स्थापना १५९५ ची. तेथे दीर्घकाळ प्रमुख असलेले डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४-१९६९) ह्यांचे बहुतेक संशोधन पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध झाले आणि लिसेंवात न गेलेल्या गोमंतकीयास आपलाच इतिहास परका राहिला. इतिहास न वाचल्याने निदान घर जात नाही. कायद्याचे तसे नाही. देवस्थानांचा कारभार ज्याने चालतो तो १९३३ चा रेगुलामेंत पोर्तुगीजमध्ये; प्रत्येक देवस्थानचे कॉम्प्रोमिस आणि महाजनांची यादी त्याच आधारावर. आपल्या हक्काचे कलम समजून घेण्यासाठी महाजनास एखाद्या कारकुनाची विनवणी करावी लागे, आणि कारकून सांगेल तो कायदा!

१८६७ चा दिवाणी कायदा गोमंतकात १ जुलै १८७० पासून लागू झाला. हिंदूंच्या रीतिरिवाजांसंबंधी निराळा हुकूम १६ डिसेंबर १८८० चा. वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नींचा मालमत्तेत निम्मा-निम्मा हक्क, हे त्या कायद्याचे मोठे औदार्य. तथापि सरकारी इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध व्हावयास २०१८ साल उजाडले. म्हणजे १४८ वर्षे गेली. मधल्या काळात कित्येक विधवांनी न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठविला असेल. वारसा आणि इन्व्हेंतार ह्यांसाठी २०१२ चा नवा कायदा झाला आहे, पण तोही इंग्रजीत आहे.

काही देवालयांत आजही उत्सवात एखादे व्याख्यान ठेवतात. विषय बहुधा संतचरित्राचा असतो. त्याच मांडवात एका सायंकाळी जाणत्या वकिलाने निम्म्या हिश्शाचे कलम सोप्या मराठीत किंवा कोकणीत उलगडून सांगावे आणि श्रोत्यांना प्रश्न विचारू द्यावेत. कीर्तनास पुढे बसणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात, आणि ते कलम मुख्यतः त्यांच्याच उपयोगाचे आहे.