खंजीर (जुन्या साहसकथांतील)

खंजीर : कमरेला, अस्तनीत किंवा बुटात लपवता येईल असे टोकदार आखूड पाते, बहुधा दुधारी. भोसकणे हे त्याचे मुख्य काम. शब्द अरबी-फारसीतून आला. या कुळातली नावे मराठीत पुष्कळ आहेत आणि ती एकमेकांच्या जागी वापरणे बरे नव्हे. कट्यारीची मूठ आडवी असते. दोन समांतर दांड्यांमधली आडवी पट्टी मुठीत धरायची आणि ठोसा द्यावा तसा वार करायचा. बिचवा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, जांबिया अरबांचा आणि वाकडा. पेशकब्जाची पाठ जाड आणि टोक निमुळते, कारण त्याला चिलखताच्या कड्यांतून वाट काढायची असते. कुकरीची धार आतल्या वळणाला असते. जमदाढ म्हणजे यमाची दाढ. अनुवादात या सगळ्यांचा सरसकट ‘खंजीर’ झाला की गोष्टीतला हात कोणत्या मुलखातला, हे वाचकाला कळेनासे होते.

साहसकथांच्या बहराच्या काळात, म्हणजे ढोबळमानाने एकोणिसावे शतक आणि विसाव्याची पहिली काही दशके, बंदुका होत्याच. तरी खंजीर मागे पडला नाही, याचे साधे कारण त्या कथा ज्या जुन्या काळात घडतात तिथले पिस्तूल. एक बार उडाला की पुन्हा दारू आणि गोळी ठासायची, आणि दारू भिजली तर हातात उरते ते नुसते लोखंड. खंजिराला तयारी लागत नाही. त्याला लागते ती जवळीक. तलवारीला अंगण पुरते, गोळीला रस्त्याच्या पलीकडचा माणूसही चालतो, पण खंजीर चालवायचा तर समोरच्याने आपल्याला हाताच्या अंतरावर येऊ दिले पाहिजे. त्याने येऊ का दिले, या प्रश्नातच खंजिराची गोष्ट असते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये (पुस्तकरूप १८८३) हे फार बारकाईने दिसते. जखमी खलाशी इझ्रायल हँड्स दारूची बाटली आणण्याच्या निमित्ताने लहानग्या जिमला खाली पाठवतो. जिम लपून पाहत असतो. कण्हत, रांगत हँड्स डेकच्या कडेला जातो, दोराच्या वेटोळ्यातून मुठीपर्यंत रक्ताने माखलेला आखूड सुरा काढतो, त्याचे टोक हातावर टोचून पाहतो आणि कोटाच्या आत छातीशी दडवून पुन्हा जागेवर येऊन बसतो. त्यानंतरचे दोघांचे सगळे बोलणे त्या कोटाआडच्या पात्याच्या साक्षीने चालते. पुढे जिम डोलकाठीवर चढतो, दोन्ही पिस्तुलांत कोरडी दारू भरतो आणि आता आपण वाचलो असे समजतो. तेवढ्यात हँड्स खालून सुरा फेकतो आणि जिमचा खांदा डोलकाठीला खिळतो. दचक्याने पिस्तुले उडतात, हँड्स पाण्यात पडतो. सुरा किती खोल गेला या भीतीने जिम शहारतो आणि त्या शहाऱ्यानेच सुटतो, कारण पात्याने चिमूटभर कातडीच धरून ठेवलेली असते. ज्या बाल-वाचकांनी हे वाचले, त्यांच्या खांद्याला ती चिमूट जन्मभर जाणवली असेल.

अलीबाबाच्या गोष्टीत हेच सूत्र मिठातून येते. ही गोष्ट आंत्वान गालां या फ्रेंच अनुवादकाने हन्ना दियाब या सीरियन कथनकाराकडून १७०९ मध्ये ऐकली. चोरांचा म्होरक्या व्यापाऱ्याच्या वेषात पाहुणा म्हणून येतो आणि बिनमिठाचे जेवण मागतो. ज्याचा जीव घ्यायचा त्याच्या घरचे मीठ त्याला खायचे नसते. खाल्ल्या मिठाला जागणे ज्या भाषेत रोजचे आहे, त्या भाषेतल्या वाचकाला हे समजावून द्यावे लागत नाही. दासी मर्जियानाला इथेच संशय येतो. जवळून न्याहाळल्यावर त्याच्या कपड्यांत लपलेला खंजीर तिला दिसतो. मग ती नर्तकीच्या वेषात कमरेला खंजीर लावून नाचते, बिदागीसाठी डफ पुढे करते आणि पाहुण्याचा हात थैलीकडे वळताच वार करते. जागतिक कथावाङ्मयात खंजिराचा इतका नेटका उपयोग दुसरा नसेल. अरबी कथांचे हे भांडार मराठीत प्रथम मोठ्या प्रमाणावर आणले ते कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी, आणि ते काम त्यांच्यामागे विष्णुशास्त्र्यांनी चालवले.

अलेक्झांडर द्यूमाला ‘थ्री मस्केटिअर्स’साठी (१८४४) इतिहासाने आयताच एक सुरा दिला. २३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्ट्‌समथमध्ये जॉन फेल्टनने ड्यूक ऑफ बकिंगहॅमला भोसकले. द्यूमाने या खुनामागे आपल्या कादंबरीतल्या कारस्थानी मिलेडीला उभे केले. कैदेत असताना पहाऱ्यावरच्या धर्मभोळ्या फेल्टनला ती आपल्या बाजूला वळवते, आणि त्यासाठी तिचे शेवटचे साधनही सुराच असतो. ती स्वतःच्या छातीवर वार करते. चोळीतल्या पोलादी पट्टीवरून पाते घसरते, रक्त दिसण्यापुरते लागते. तो वार नशिबाने नव्हे तर कौशल्याने पट्टीवर बसला, हे द्यूमा एका शब्दात सुचवून जातो. मर्जियानाचा नाच आणि मिलेडीचा हा वार शेजारी ठेवून वाचावेत. जुन्या साहसकथेत बाईच्या हाती तलवार क्वचितच येते, खंजीर मात्र येतो, आणि तो आला की कथेची सूत्रेही तिच्या हाती येतात.

मराठी वाचकाला यातले काही नवे नव्हते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट अज्ञानदासाच्या पोवाड्यात आणि सभासदाच्या बखरीत आधीच सांगून झाली होती. आलिंगन, काखेत दाबलेली मान, कुशीवर चालवलेले पण अंगरख्याखालच्या चिलखतावर खरखरलेले खानाचे हत्यार, आणि मग वाघनख व बिचवा. दोन्ही बाजूंची शस्त्रे मिठीत मावणारी आहेत. या प्रसंगाचे मराठी मनावरचे वजन एवढे, की हरी नारायण आपट्यांच्या काळापासून ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्याला गळाभेट दिसली की तो अस्तनीकडे पाहू लागतो.

युरोपीय साहसकथेचा एक दोष मात्र स्पष्ट नोंदवायला हवा. तिने पिस्तूल गोऱ्याच्या हाती दिले आणि खंजीर बहुधा पौर्वात्याच्या. मलायी म्हटला की क्रिस, अरब म्हटला की जांबिया, आणि दोघांच्या वाट्याला अंधार व पाठीमागून वार. विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’ची (१८६८) सुरुवात याला अपवाद आहे. मे १७९९, श्रीरंगपट्टण पडले आहे, लूट चालू आहे. शस्त्रागारात रक्त ठिबकणारा खंजीर हातात घेऊन जो उभा आहे तो इंग्रज अधिकारी आहे, पायाशी मरणारा माणूस हिंदी आहे आणि खंजिराच्या मुठीच्या टोकाला देवाचा हिरा मशालीच्या उजेडात चमकतो आहे. चोर कोण, हे पहिल्याच चित्रात सांगून टाकणारी अशी कादंबरी त्या काळात इंग्लंडमध्ये लिहिली गेली, ही आदराने सांगण्याची गोष्ट आहे. इटलीत एमिलिओ साल्गारीने सांदोकान हा मलायी चाचा थेट नायक केला आणि इंग्रजांविरुद्ध उभा केला. त्याच्या कथांत क्रिस हे मानाचे शस्त्र आहे. प्रत्यक्षात जावा-मलायात ते तसेच होते. नागमोडी पात्याची वळणे विषम संख्येत ठेवण्याचा तिथला रिवाज आहे आणि घराण्यातला क्रिस वारसाने पुढे जातो.

‘ड्रॅक्युला’च्या (१८९७) शेवटी हे वाटप आणखी गमतीने उलटते. लाकडी खुंटा आणि लसूण सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण काउंटचा गळा चिरते ती जोनाथन हार्करची कुकरी, आणि काळजात शिरतो तो टेक्सासच्या क्विन्सी मॉरिसचा बोवी सुरा. टारझनला (१९१२) जनावरांवर वर्चस्व मिळते तेही मृत बापाच्या झोपडीत सापडलेल्या शिकारी सुऱ्यामुळे. वाचता-लिहिता येण्याच्या आधी त्याला वारशाने मिळालेली वस्तू ती हीच.

हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या ऐयारांनी, म्हणजे वेषांतरात तरबेज अशा हेरांनी, खंजीर आणि बटवा यांची जोडी घरोघर नेली. ‘चंद्रकांता’ १८८८ ची. तिच्या पुढच्या ‘चंद्रकांता संतति’तला तिलिस्मी, म्हणजे जादूचा, खंजीर तर विजेच्या युगाचे अपत्य आहे. मूठ दाबली की डोळे दिपवणारा प्रकाश पडतो, अंगाला लागला की माणूस बेशुद्ध होतो, आणि जोडीची अंगठी बोटात असेल त्यालाच तो धरता येतो. मारण्यापेक्षा बेशुद्ध करणे ऐयाराला अधिक शोभते, हा खत्रींचा विचार त्यात दिसतो.

विसाव्या शतकात साहसकथा ओसरली तसा खंजीर कमरेवरून काचेच्या कपाटात गेला. अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये (१९२६) ट्युनिशियाचा खंजीर दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूंत ठेवलेला असतो आणि तिथूनच उचलला जातो. मराठीत हे शस्त्र रंगभूमीवर आले ते निराळ्याच रूपात. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकात (१९६७) राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्यासोबत एक खून माफ. वसंतराव देशपांड्यांनी रंगवलेले गायक खाँसाहेब ती कट्यार अंगावर वागवतात, गातात, आणि प्रेक्षक गाणे ऐकता ऐकता कट्यारीकडे पाहत राहतो.