ओलं अंथरूण

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता, तेव्हा त्याला शिकायला शहरातल्या एका वसतिगृहात ठेवलं. साल १९६८. निपाणीच्या बाजूच्या आमच्या खेड्यात चौथीच्या पुढं शाळा नव्हती, आणि पोरगा शिकला पाहिजे ही आमच्या वडिलांची एकच इच्छा. दिवाळीला तो घरी आला तो वाळून गेलेला. बोलेना. रात्री अंथरूण ओलं करू लागला. दोन वर्षांचा झाल्यापासून त्यानं कधी असं केलं नव्हतं.

वसतिगृहातही हेच चाललं होतं, हे नंतर कळलं. तिथं सकाळी त्याची गादी सगळ्यांच्या समोर उन्हात टाकायला लावत आणि पोरं हसत. आमच्या घरात आजीनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. वडील म्हणाले, लाडानं बिघडलाय. आई काही न बोलता चादरी धूत राहिली. शेजारच्या काकी हळूच म्हणाल्या, "वेळीच बघा हो, नाहीतर धारवाडला न्यायची पाळी यायची." आमच्या भागात धारवाड म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. एकोणिसाव्या शतकापासूनचं ते, आणि त्याचं नाव घेतलं की माणसं गप्प बसत. पोराच्या मनाला काही झालं असेल, तर एका टोकाला दृष्ट आणि दुसऱ्या टोकाला धारवाड. मधे काही होतं का? आम्हाला तरी माहीत नव्हतं.

मधे काय काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. माझी भाची मानसशास्त्र शिकत होती, तेव्हा तिच्या पुस्तकांमुळं. त्यात एके ठिकाणी लंडनच्या मुलांची हकीकत होती, आणि ती वाचताना मला आमच्या अंगणातली ती गादी दिसली.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू होत होतं. बाँब पडतील म्हणून इंग्लंडच्या सरकारनं तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसं शहरांतून खेड्यांत हलवली. त्यांत बहुतेक शाळकरी मुलं, आईबापांशिवाय निघालेली. ती परक्या घरांत राहिली, आणि थोड्याच दिवसांत खेड्यापाड्यांतून एकच ओरड सुरू झाली : ही मुलं रात्री अंथरूण ओलं करतात! घरमालकिणी चिडल्या. शहरातल्या गरिबांना वळण नाही, असं लोक म्हणू लागले. जॉन बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या तीन डॉक्टरांनी त्याच डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून बजावलं, की लहान मुलांना आईपासून तोडण्यात मोठा धोका आहे. अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धकाळात लंडनमध्ये मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांनाही हेच दिसलं, की बाँबच्या आवाजापेक्षा आई दूर जाण्यानं मुलं जास्त खचतात.

त्या पाळणाघरांत जेम्स रॉबर्टसन नावाचा एक माणूस होता. सुरुवातीला त्याचं काम बंबाची भट्टी सांभाळायचं. तो मुलांकडं बघत राहिला, टिपणं काढत राहिला. पुढं १९५२ मध्ये त्यानं एक साधा चित्रपट केला. अडीच वर्षांची लॉरा आठ दिवस इस्पितळात राहते, एवढीच गोष्ट. त्या काळी तिकडं आईला मुलाजवळ राहू देत नसत. भेटीची वेळ अगदी थोडी. 'मूल शांत आहे, म्हणजे रुळलं,' असं परिचारिका म्हणायच्या. चित्रपटात दिसतं, की लॉरा शांत आहे कारण ती आतून मिटत चालली आहे. डॉक्टरांना हा चित्रपट दाखवला तेव्हा बरेचजण भडकले. पण १९५९ साली सरकारनं नेमलेल्या प्लॅट समितीनं शिफारस केली, की आईवडिलांना मुलाला हवं तेव्हा भेटू द्यावं आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्यावं. ती शिफारस प्रत्यक्षात यावी म्हणून तिथल्या आयांनाच संघटना बांधून वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

गप्प मूल म्हणजे शहाणं मूल, हे आपणही किती सहज म्हणतो!

आणि हे सगळं काही फक्त साहेबाच्या देशात होतं असंही नाही. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्था १९३६ मध्ये सुरू झाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३७ मध्ये तिनं मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडलं. देशातलं ते पहिलं. मूल चोरी करतं, शाळेतून पळतं, बोलत नाही, तर त्याला छडी मारण्याआधी त्याच्याशी आणि त्याच्या आईशी बोलायचं, ही तिथली रीत. म्हणजे माझ्या भावाच्या जन्माच्या आधी बावीस वर्षं मुंबईत ही सोय होती. आमच्या खेड्यापर्यंत ती पोचली नव्हती, इतकंच.

पोचवायची कशी, हा प्रश्न अजून आहे. त्यावर आपल्या शेजारच्या गोव्यात मोठं काम झालं. १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सोबत्यांनी 'संगथ' ही संस्था काढली. मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, मग गावातल्याच साध्या माणसांना नीट शिकवून हे काम देता येईल का, हे त्यांनी तपासलं. शाळांतला प्रयोग आधी गोव्यात करून पाहिला, मग बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत. काही शाळांत शिक्षकालाच हे काम दिलं, काही शाळांत बाहेरचा एक साधा माणूस नेमला. त्याला 'सेहर मित्र' म्हणत. शाळेत एक पेटी ठेवली, मुलांनी मनातलं लिहून तीत टाकायचं. भित्तिपत्रक काढलं. ज्याला एकट्यानं बोलायचं त्याच्यासाठी वेळ ठेवला. वर्षअखेरीस जिथं 'मित्र' होता तिथं मुलांची उदासी, दादागिरी, मारामारी कमी झाली. जिथं शिक्षकावर सोपवलं तिथं फरक दिसला नाही. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

मला यात शिक्षकांचा दोष दिसत नाही. त्यांच्या डोक्यावर कामं किती! पण जो गुण देतो, शिक्षा करतो, घरी चिठ्ठी पाठवतो, त्याच्यापाशी पोर मन कसं मोकळं करणार? घरात आपलंही तेच होतं. आपणच अभ्यास घेतो, आपणच रागावतो, आणि आपल्याचपाशी त्यांनी सांगावं अशी अपेक्षा करतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांत ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. म्हणजे शंभरांत सात. आपल्या बस्तीत चातुर्मासाच्या प्रवचनाला जेवढी पोरंपोरी असतात, त्यांत किती झाली ते मनाशीच मोजा. आता मधली वाट पूर्वीइतकी लपलेली नाही. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, कधीही लावा, आपल्या भाषेत बोला. सरकारी दवाखान्यांत वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी वेगळी सल्ला केंद्रं आहेत. महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री' म्हणतात, आमच्या कर्नाटकात 'स्नेहा'. आणि एक सांगते, अंथरूण ओलं होण्यामागं शरीराचीही कारणं असतात, तेव्हा आधी साध्या डॉक्टरांना दाखवा. मीठ-मिरच्या राहू द्या.

आता माझा कबुलीजबाब. त्या दिवाळीत मी तेरा वर्षांची होते. पाहुणे यायचे म्हणून मीच त्याची गादी गोठ्यामागं नेऊन टाकली, आणि चुलतभावंडांत त्याला नाव ठेवून हसले. सर्वांत मोठ्यानं मीच हसले.

गेल्या वर्षी तो नातवाला घेऊन माझ्याकडं आला होता. रात्री पोर झोपल्यावर मी विचारलं, "तेव्हा तिथं काय झालं होतं रे?"

तो बराच वेळ नातवाच्या पांघरुणाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "काही नाही आक्का. नऊ वाजता दिवा घालवायचे. संडास लांब, मागच्या बाजूला. मला अंधारात भ्या वाटायचं. बस, एवढंच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

पंचावन्न वर्षं. कुणीतरी सोबत मागच्या अंगणापर्यंत गेलं असतं, तरी भागलं असतं. त्या रात्री मी ओसरीतला दिवा चालू ठेवला. नातवासाठी, असं त्याला सांगितलं.