डांबराखालचे पाणी

डांबरी रस्ता बहुतेक वेळा आतून, पाण्याने खचतो. खड्डा दिसतो तो फार उशिरा. हे आधीच सांगतो, कारण रस्त्याची पाहणी आणि पाण्याचे नियोजन हे दोन निराळे विषय म्हणून शिकवले जातात, दोन खात्यांत विभागले जातात. बेळगुंदीत पावसाळा लागला की मात्र दोन्ही एकाच मोरीपाशी येऊन अडतात.

बेळगुंदी बेळगावच्या पश्चिमेला. जवळच मार्कंडेय नदीवर राकसकोप जलाशय आहे. शहर त्याचे पाणी पिते. इथून घाटाकडे सरकावे तसा पाऊस वाढतो. माती तांबडी, निचऱ्याला त्यामानाने बरी. उलट निपाणीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ता दरवर्षी खालून हलवते. एकाच जिल्ह्यातल्या या दोन रस्त्यांना एकच अंदाजपत्रक लावणे मला चुकीचे वाटते.

पाहणी म्हणजे काय, हे रस्त्याच्या कडेला उभे राहून समजते. साइडपट्टीवर माती आणि गवत चढून ती डांबरापेक्षा उंच झालेली असते. शेतात ट्रॅक्टर नेण्यासाठी कोणीतरी गटारात मुरूम टाकलेला असतो, खाली पाइप न घालता. जास्त पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार देतात. पण कडेलाच पाणी अडले तर तो उतार काय कामाचा? पाणी डांबराच्या कडेतून आत शिरते. मग मगरीच्या पाठीवर असते तशी भेगांची जाळी उमटते. उसाची भरलेली ट्रॉली वरून गेली की त्या भेगांतून गढूळ पाणी वर येते. ते गढूळपण म्हणजे खडीखालची बारीक माती. ती बाहेर पडते आहे, म्हणजे आत पोकळी होते आहे. ही खूण ओळखता आली की निम्मे शास्त्र हाती आले असे समजावे.

उरलेल्या निम्म्याला मोठा इतिहास आहे. डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये रस्त्यांच्या विकासासाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून 1929 चा केंद्रीय रस्ते निधी आणि 1934 ची इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. पुढे अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान सुमारे सोळापट होते. भिजलेल्या पायावर तोच भार आणखी महाग पडतो.

आणि पाऊस बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले, की मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. बेळगाव त्या पट्ट्याच्या दक्षिणेला येते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. पण निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी चढून पुणे-बेंगळुरू महामार्ग 2019 आणि 2021 मध्ये बंद पडला, हे सर्वांनी पाहिले आहे. जुन्या पावसाच्या तक्त्यांवरून काढलेली मोरीची रुंदी पुन्हा तपासायला हवी.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. जो रस्ता जुलैत पाणी तुंबवतो, त्याच्याच आसपासच्या विहिरी मे महिन्यात तळ गाठतात. मोरीतून सुटणारे पाणी शेताचा बांध फोडत जाण्याऐवजी शेततळ्यात किंवा चरात वळवता येते. इथिओपियाच्या तिग्राय भागात रस्त्याचे पाणी असे मुरवले गेले आहे. आपल्याकडे यासाठी रस्त्याचा अभियंता आणि बांधावरचा शेतकरी कामाआधी एकत्र बसले पाहिजेत.

या पुस्तकाला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्याने थेट गटारांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. गणित नंतर वाचले तरी चालेल. शेवटी नोंदवहीचा नमुना आहे. त्यात तीच जागा मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये पाहायची, भेगेशेजारी गटाराची स्थितीही लिहायची. नमुना मराठी आणि कन्नड दोन्हींत दिला आहे, म्हणजे बांधावर भरलेला कागद कचेरीत तसाच दाखल करता येईल.