अलिबागची सहल व आक्षीचा शिलालेख

समुद्रापासून दूर अशा आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील ज्या मंडळीस सुटींत अलिबागेस जावयाचें असेल, त्यांनीं धामणगांवीं आगगाडी धरून मुंबई गाठावी व गेट वे ऑफ इंडियाहून लाँचेनें मांडव्यास उतरावें. कुलाबा किल्ल्याकरितां ओहोटीची वेळ आधीं विचारून घ्यावी. तेव्हां पायीं जातां येतें, भरतीस होडी करावी लागते. किल्ल्यांत राघोजी आंग्रे यांनीं १७५९ त बांधविलेलें गणपतीचें देवालय आहे. १७२९ त निवर्तलेल्या कान्होजींची समाधि गांवांत आहे.

तथापि संशोधकानें तेवढ्यावरच परतूं नये. जवळच्या आक्षी गांवीं शिलाहार केसिदेवाचा मराठी शिलालेख आहे. त्यांत महालक्ष्मीच्या बोडणाकरितां दिलेल्या दानाचा उल्लेख येतो. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं त्याचा काल शके ९३४ (इ. स. १०१२) असा वाचला. तें वाचन ग्राह्य धरल्यास मराठीच्या ज्ञात शिलालेखांत यास अग्रस्थान द्यावें लागेल. परंतु सर्व अभ्यासकांस तें मान्य नाहीं. म्हणजे एवढा मोठा वाद कांहीं झिजलेल्या अंकांवर अवलंबून आहे! ते अंक पुसले गेल्यास निर्णयाचें साधनच नाहींसें होईल.

म्हणून आमची संग्राहकांस विनंती एवढीच, कीं अक्षरांत खडू भरूं नये, तेल किंवा शेंदूर लावूं नये. सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हांत अक्षरें आपोआप उठून दिसतात; तेव्हां छायाचित्र घ्यावें, व स्वतःचें वाचन मागील वाचनांशीं ताडून पाहावें.