फंक्शन जनरेटरवरील पीडब्ल्यूएम

पल्स विड्थ मॉड्युलेशन, अर्थात पीडब्ल्यूएम : पल्सची वारंवारता कायम ठेवून तिची रुंदी दुसऱ्या संकेतानुसार कमी-जास्त करण्याची पद्धत. पल्स 'चालू' असण्याच्या काळाचे पूर्ण आवर्तनकाळाशी असलेले प्रमाण म्हणजे ड्यूटी सायकल. सरासरी व्होल्टेज तिच्यावर ठरते.

मांडणी : पल्स तरंग निवडून वारंवारता 20 किलोहर्ट्‌झ, पातळी 0 ते 5 व्होल्ट आणि रुंदी 25 मायक्रोसेकंद ठेवावी. आवर्तनकाळ 50 मायक्रोसेकंद असल्याने ड्यूटी सायकल 50 टक्के होते. मग मॉड्युलेशन सुरू करून प्रकार पीडब्ल्यूएम, स्रोत अंतर्गत, आकार साइन, वारंवारता 50 हर्ट्‌झ आणि विचलन 10 मायक्रोसेकंद द्यावे. आता रुंदी 15 ते 35 मायक्रोसेकंदांच्या दरम्यान बदलते आणि सरासरी 1.5 ते 3.5 व्होल्टच्या दरम्यान. विचलन पल्सच्या रुंदीपेक्षा किंवा उरलेल्या बंद काळापेक्षा जास्त ठेवता येत नाही.

निरीक्षण : मॉड्युलेशनची वारंवारता 1 हर्ट्‌झवर आणली, की ऑसिलोस्कोपवर चढती कड जागीच राहते आणि उतरती कड सावकाश मागे-पुढे सरकताना दिसते. पुन्हा 50 हर्ट्‌झ करून 10 किलोओहम व 0.1 मायक्रोफॅरडचा आरसी फिल्टर जोडल्यास 20 किलोहर्ट्‌झचे पल्स जवळजवळ पुसले जातात आणि साइन तरंग उरतो. नवशिक्याने ही जोडणी स्वतःच्या हाताने करून पाहावीच.

दक्षता : जनरेटरवर लोड 50 ओहम निवडलेला असून आउटपुट उच्च रोधाच्या इनपुटला जोडले, तर प्रत्यक्षात दुप्पट व्होल्टेज मिळते, नाजूक आयसी त्याने जळू शकते. मोटर थेट जोडू नये. मध्ये मॉस्फेट, त्याचा ड्रायव्हर आणि मोटरला समांतर उलटा डायोड हवा.

उपयोग : अबू धाबीत मुसाफा औद्योगिक भागाशेजारच्या मोहम्मद बिन झायद सिटीत उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. अशा हवेत इन्व्हर्टर एसी 50 हर्ट्‌झच्या विजेचे आधी डीसी करतो आणि पीडब्ल्यूएमने कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलतो. मुंबईत 2007पासून धावू लागलेल्या सीमेन्स प्रणालीच्या लोकलमधील थ्री-फेज मोटरही याच तत्त्वावर चालतात. असे ड्राइव्ह दुरुस्त करताना पॉवर स्टेजला जनरेटरचे पल्स देऊन तपासणे उपयोगी ठरते : ती नीट चालली, तर दोष कंट्रोल सर्किटमध्ये शोधावा. मात्र हाफ-ब्रिजसाठी एकच चॅनल पुरत नाही. वरचा व खालचा स्विच एकदम चालू होऊन पुरवठा शॉर्ट होऊ नये म्हणून दोन्ही संकेतांमध्ये डेड टाइम ठेवावाच लागतो.