टॅलेंट आणि कसब

आमच्या पीपलरावांतही आता उठता-बसता ‘टॅलेंट’ ऐकू येतं. हा शब्द मुळात ग्रीकांच्या वजनाचा; इंग्रजीत त्याचा अर्थ उपजत देणगी झाला. आपलं ‘कसब’ अरबीतून आलेलं, त्याचं मूळ कमाईत.

आमच्या देवासला दोन्ही एकाच गळ्यात नांदली. कुमार गंधर्वांनी पोरवयातच मैफली गाजवल्या, ती देणगी. १९४८ साली क्षयामुळे ते देवासला आले, काही वर्षं गाणं बंद. तेव्हा त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली, पुढे त्या धुनांतून राग घडवले. ही कमाई.

पण बायांनो, लग्नात, सणाला ती गाणी पिढ्यान्‌पिढ्या म्हणणाऱ्या गळ्यांना गुणी कोण म्हणालं? ‘बायका गातातच,’ एवढंच! निदान आपल्या लेकी-सुनांना तरी म्हणा, ‘हे तुझं कसब आहे गं.’