सुझौच्या बागा : जुने म्हणजे नेमके काय?

चीनच्या सुझौ शहरातील अभिजात बागांची छायाचित्रे आपण पाहिली असतीलच : कमळांचे तळे, नागमोडी पूल, पांढऱ्या भिंतीतला वर्तुळाकार दरवाजा. त्यांखाली ‘पाचशे वर्षांची शांतता’ अशा अर्थाची ओळही हमखास असते. हा थ्रेड त्या ओळीविषयी आहे, कारण तिच्यातली पाचशे वर्षे संशयास्पद आहेत आणि शांतता तर त्याहून अधिक.

उदाहरण म्हणून सर्वांत प्रसिद्ध बाग घेऊ : झुओझंग युआन. मिंग काळात, सोळाव्या शतकाच्या आरंभी, वांग शियेनचेन या अधिकाऱ्याने ती एका जुन्या बौद्ध मठाच्या जागेवर उभारली. अधिकाऱ्यांच्या वर्तनावर नजर ठेवण्याचे काम करणारा हा गृहस्थ दरबारी संघर्षात पदावनत झाला आणि अखेर गावी परतला. बागेचे नाव त्याने प्राचीन कवी पान युए याच्या रचनेवरून घेतले. झाडांना पाणी घालणे, भाजी पिकवून विकणे, हाच अडाण्याचा राज्यकारभार, असा तिचा आशय. नावात नम्रता आहे खरी, पण दरबाराला मारलेला टोमणाही आहे.

आता भाजीपाल्याचा तो उल्लेख लक्षात ठेवा. वांगचा मित्र, थोर चित्रकार वेन झंगमिंग याने १५३३ च्या सुमारास या बागेतील ३१ स्थळे चित्रित केली व प्रत्येकावर कविता रचली. त्या चित्रांत इमारती मोजक्याच आहेत. पाणी, बांबू, मोकळी जागा आणि फळझाडेच अधिक. कला-इतिहासकार क्रेग क्लुनास यांनी याच धाग्यावरून दाखवून दिले की मिंग काळाच्या पूर्वार्धात बाग ही उत्पन्न देणारी जमीनसुद्धा होती. केवळ सौंदर्यासाठी बाग ही कल्पना हळूहळू रुजली. ही चित्रे हाती घेऊन आजच्या बागेत फिरलात, तर फारसे काही जुळणार नाही. आज दिसणाऱ्या वास्तू बव्हंशी छिंग काळातील आहेत.

मधल्या काळात काय घडले? वांगच्या मुलाने ही बाग जुगाराच्या एका रात्रीत गमावली, अशी आख्यायिका आहे. पुढे मालक बदलत गेले, बागेचे तुकडे पडले. पूर्वेकडचा भाग १६३१ मध्ये स्वतंत्र बाग झाला. पश्चिमेकडचा १८७७ मध्ये एका धनाढ्य व्यापाऱ्याने घेतला.

त्याआधी १८६० साली तैपिंग बंडखोरांनी सुझौ जिंकले. त्यांचा सेनानी ली शिऊचेंग याने बागेचा भाग व शेजारची घरे मिळून आपला राजवाडा थाटला. १८६३ च्या डिसेंबरात छिंग फौजांनी शहर परत घेतले. शरण आलेल्या तैपिंग सरदारांना ली होंगझांगने ठार करवले. हे सारे त्याच शहरात, जिथे आपण आज ‘शांतता’ टिपायला जातो.

बागेचे तुकडे पुन्हा एकत्र आले ते विसाव्या शतकाच्या मध्यात, साम्यवादी राजवटीत. १९९७ मध्ये ही बाग सुझौतील अन्य तीन बागांसह जागतिक वारसा यादीत गेली. २००० मध्ये आणखी पाचांची भर पडली.

मग ही बाग खोटी ठरते का? मला तसे वाटत नाही. लाकडी वास्तू, गाळ साचणारे तळे आणि मरणारी झाडे यांची बाग पुन्हा पुन्हा घडवूनच टिकते. मात्र सलगता दगडामातीत शोधू नये. ती नावात, चित्रांत आणि ‘ही बाग जपण्याजोगी आहे’ या प्रत्येक पिढीने नव्याने घेतलेल्या निर्णयात आहे. मधली पडझड झाकणारा माहितीफलक मात्र खोटा म्हणावा लागेल.

कधी सुझौला गेलात, तर बागेआधी शेजारचा तैपिंग राजवाडा पाहा. तो आता सुझौ संग्रहालयाचा भाग आहे. त्याच्या अंगणात विस्टेरियाची एक जुनी वेल आहे. ती वेन झंगमिंगने स्वहस्ते लावली, असे परंपरा सांगते. संग्रहालयाची नवी इमारत २००६ मध्ये उघडली. तिचे वास्तुकार आय. एम. पेई, सुझौतलीच ‘सिंहवन’ बाग एकेकाळी त्यांच्या घराण्याच्या मालकीची होती. नव्या इमारतीच्या चौकात त्यांनी त्याच वेलीचे कलम लावून घेतले.